प्रेस शॉपमध्ये मी कुठे उभा होतो

कंपनीत आयुष्य काढलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. खिशात सुटे स्क्रू राहून जातात, तसे ते राहून जातात. कधीतरी पँट धुवायला टाकताना खळ्ळकन पडतात, आणि मग आठवतं की अरे, हा तर अमक्या मशीनचा.

आमची रोह्याला एमआयडीसीत ड्रम बनवायची कंपनी. केमिकलवाल्यांना लागतात ती लोखंडी पिंपं. मी तिथे प्रेस शॉपचा सुपरवायझर, दिघे साहेब. राहायला पेणला. सकाळी कंपनीची बस पकडायची आणि वडखळ, गडब, नागोठणं, निडी करत रोहा गाठायचं. तेवढ्या वेळात एक माणूस आरामात तीन किस्से सांगतो, आणि तो माणूस बहुतेक मीच असायचो. रिटायर झालो तरी सवय सुटली नाही. संध्याकाळी तळ्याकाठच्या बाकावर आम्ही चौघं-पाच जण बसतो, तिथे माझे किस्से चालतात. लोक हसतात. मला वाटायचं, हेच आपलं पेन्शन.

परवा घरी पाहुणे होते, त्यांनाही रंगवून सांगत होतो. आमच्या सौ. शाळेत गणिताच्या बाई होत्या. पाहुणे गेल्यावर त्या कपबशा गोळा करता करता म्हणाल्या, "तुमच्या सगळ्या गोष्टींत कोणाचं ना कोणाचं काहीतरी मशीनमध्ये सापडतं. तुम्ही त्या वेळी कुठे उभे असता?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. गोष्टीत तुम्ही दिसत नाही, म्हणून विचारलं."

त्या रात्री झोप नीट लागली नाही. म्हणून आज तेच किस्से सांगतो, पण मी कुठे उभा होतो तेही सांगतो.

*

एकदा ऑडिट होतं. बाहेरच्या देशातल्या गिऱ्हाइकाची माणसं येणार, म्हणून सगळ्या मशिनी रंगवायचं ठरलं. पेंटर कंत्राटी होते. त्यांना सांगितलं, सगळं हिरवं करा. त्यांनी सगळं हिरवं केलं. बॉडी हिरवी, पाइप हिरवे, नेमप्लेटसुद्धा हिरव्या. आणि मशीन एकदम बंद करायचं लाल बटण असतं ना, लिंबाएवढं, तेही हिरवं.

हे पहिल्यांदा लक्षात आलं यशवंतच्या. यशवंत म्हात्रे गडबचा. ड्रमची झाकणं ज्या प्रेसवर निघायची, तिथला ऑपरेटर. बोलणं कमी, आवाज खालचा.

"साहेब, लाल बटन कुठं गेला?"

"जिथे होतं तिथेच आहे. रंग बघू नको, जागा बघ."

"मला ठावं हाय साहेब. हाताला ठावं हाय का, ता विचारतो."

मी म्हटलं, ऑडिट होऊन जाऊ दे, मग बघू.

ऑडिट झालं, खंडेनवमी आली. मशिनींची पूजा. झेंडूच्या माळा, हळद, नारळ. यशवंतने तेलात कुंकू कालवलं आणि ओळीने प्रत्येक मशीनच्या हिरव्या बटणावर असं थापलं की बटणं पुन्हा लालभडक. मॅनेजरसाहेब कौतुकाने बघत होते. म्हणाले, "बाकी मशीनला हळद आणि इथे एवढं कुंकू, ही तुमच्याकडची पद्धत का?"

"व्हय साहेब," यशवंत म्हणाला. "अडचणीला देव सापडला पायजे ना."

हा किस्सा मी शंभरदा सांगितला असेल. आता मी कुठे उभा होतो ते. मी पेंटरच्या शेजारी उभा होतो. त्याने ब्रश बटणापाशी थांबवून मला विचारलं होतं, "साहब, ये भी?" मी घड्याळ बघत होतो. म्हणालो, "सब."

लाल रंगाचा डबा स्टोअरमध्ये पडून होता. तो काढायला माझ्या सहीची एक चिठ्ठी लागत होती. ती मी लिहिली नाही. कुंकू फिकं झालं की यशवंत पुन्हा लावायचा.

*

आमच्या गेटपाशी छोटी बाग होती. माळ्याला गोकर्णाचा वेल चढवायला जाळी हवी होती. तेव्हा शॉपमधल्या कन्व्हेयरच्या शेवटच्या रोलरची जाळी सुटून आली होती आणि दिवसभर खडखडायची. ती मी माळ्याला देऊन टाकली. आवाज गेला, वेलही चढला. पुढे एक मोठे अधिकारी पाहायला आले, ते गेटवरच थांबले आणि म्हणाले, "कारखान्यात इतकी सुंदर बाग मी पाहिली नाही." मॅनेजरसाहेबांनी माझी पाठ थोपटली.

त्या रोलरपाशी मंदाताई पाटील कामाला होत्या. निडीच्या. ड्रमच्या तोंडाला रबरी वॉशर बसवायचं त्यांचं काम. साडीवरून कंपनीचा एप्रन घालायच्या, पण तो एप्रन पुरुषांच्या मापाचा, बाजूने उघडा. एका सकाळी खाली पडलेलं वॉशर उचलायला त्या वाकल्या आणि पदर रोलरमध्ये गेला.

पदर गेला की बाई मागोमाग जाते. मंदाताईंनी काय केलं, एका हाताने ड्रमचा काठ धरला आणि दुसऱ्या हाताने निऱ्या सोडून दिल्या. गर्रकन दोन फेऱ्या फिरल्या. सगळी साडी रोलरने खाल्ली आणि त्या परकर-पोलक्यात ड्रमच्या मागे जाऊन बसल्या. पलीकडून दुसरी बाई "काय झाला गो?" म्हणत धावली. तिने मशीन बंद केलं, आपला एप्रन काढून मंदाताईंच्या अंगावर टाकला.

मित्रमंडळींत मी हा किस्सा सांगितलाय. साडी गेली, बाई वाचल्या, एवढाच. हसूही आलंय लोकांना, आणि मी ते येऊ दिलंय.

मी कुठे उभा होतो? मी स्विचच्या शेजारी उभा होतो. मंदाताईंची साडी सुटायला लागली तशी मी पाठ फिरवली. सभ्यपणा म्हणून. आणि भिंतीकडे बघून "बंद करा, बंद करा" असं ओरडत राहिलो. त्या दुसऱ्या बाईने माझ्या काखेखालून हात घालून स्विच दाबला.

मंदाताई दुसऱ्या दिवशी कामावर आल्या. गळ्याभोवती लाल वळ होता. मी विचारलं, "बऱ्या आहात ना?"

त्या वॉशर बसवत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "साहेब, तोंड फिरवलात ता बरा केलात. पन तोंड फिरवून पन स्विच दाबता आला असता."

बागेतली जाळी काढून परत बसवली. तिच्यात वेलाचे तुकडे अडकलेले होते. ते सुकून गळून पडायला बरेच दिवस लागले, आणि तितके दिवस मी कन्व्हेयरच्या त्या टोकाला गेलो नाही.

*

कंपनीचं कॅलेंडर निघायचं होतं. मॅनेजरसाहेबांचा हुकूम: पहिल्या पानावर कामगार दिसला पाहिजे, हेल्मेट, गॉगल, हातमोजे, सगळं घातलेला. फोटोग्राफर आला. मी माणूस निवडला सदानंद. रोह्याचा, उंच, दिसायला देखणा, ड्रिल मशीनवर असायचा.

सदानंदने हेल्मेट घातलं, गॉगल घातला. मोजे घेईना. म्हणाला, "साहेब, ड्रिलवर ग्लोव्हज नाय घालत. गुंडाळला जातो."

हे त्याला मीच शिकवलं होतं. फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत, हा आमच्याकडचा पहिला धडा.

मी म्हटलं, "फोटोपुरते घाल रे."

"मशीन बंद ठेवून काढा मग."

त्यावर फोटोग्राफर म्हणाला, मशीन फिरतंय असं दिसलं तर मजा येईल. मी सदानंदकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मोजे त्याच्या हातात चढवले. त्याचं बोट एका ठिकाणी अडत होतं, ते ओढून नीट बसवलं. त्यानंतर मशीनही मीच सुरू केलं.

मनगट मोडलं. दोन ठिकाणी. हात राहिला तो मशीनचा पट्टा जुना होता, घसरला म्हणून. आमच्या मेंटेनन्सने तो पट्टा वेळेवर बदलला असता तर मला आज ही गोष्ट सांगता आली नसती.

रोह्याच्या हॉस्पिटलात सदानंदला भेटायला गेलो. खुर्चीवर बसून राहिलो. शेवटी त्यानेच विचारलं, "साहेब, फोटो आला का?"

फोटो आला होता. चांगला आला होता. कॅलेंडरच्या पहिल्या पानावर तोच छापला. खाली लिहिलं होतं, सुरक्षा प्रथम.

*

आता ह्याच सदानंदचा पुढचा भाग. गेटवर मोठा बोर्ड होता, अपघाताविना किती दिवस झाले त्याचा. रोज सकाळी वॉचमन आकडा एकाने वाढवायचा. नियम असा की कोणी जखमी होऊन कामावर येऊ शकला नाही, तर आकडा पुन्हा शून्य. त्या वर्षी आमचा आकडा फार वर गेला होता आणि सुरक्षा सप्ताह जवळ आला होता.

डोकं माझंच. कामावर येऊ शकला नाही तर शून्य ना? मग आला तर? मधले दिवस रजा दाखवली आणि प्लास्टर घातल्याच्या तिसऱ्या दिवसापासून कंपनीची जीप सदानंदला घरून आणायची. टाइम ऑफिसमध्ये एक खुर्ची ठेवली. तो तिथे बसून राहायचा, कार्डावर हजेरी लागायची, संध्याकाळी जीप घरी सोडायची. बोर्डाचा आकडा वाढत राहिला.

बक्षीस आम्हालाच मिळालं. पेढे आले. वाटायला माणूस रिकामा कोण, तर सदानंद. प्लास्टरच्या उजव्या हातात पेढ्यांचा बॉक्स धरता येईना, म्हणून बॉक्स टेबलावर आणि एकेक पेढा डाव्या हाताने द्यायचा. अकाउंट्सला एक नवीन वयस्कर गृहस्थ लागले होते, सोवळे. ते पेढा घेईनात. म्हणाले, "अहो, डाव्या हाताने काय देता? उजवा हात कुठे गेला?"

सदानंदने प्लास्टर थोडं वर उचललं. म्हणाला, "तो बोर्ड सांभाळतोय."

सगळं ऑफिस हसलं. मी दारात उभा होतो. मीही हसलो. माझ्या तोंडात पेढा होता.

*

अपघात झाला की फॉर्म भरायचा. त्यात एक रकाना: अपघाताचे कारण. तो मी भरायचो. लिहायचो, "कामगाराचा निष्काळजीपणा." इतकी सवय झाली होती की पेन तिथे पोचलं की आपोआप ते दोन शब्द उमटायचे. मंदाताईंच्या फॉर्मवर तेच. सदानंदच्या फॉर्मवरही तेच. त्याच्या फॉर्मवर लिहिताना मी क्षणभर थांबलो होतो, पण लिहिलं.

मग एकदा माझाच हात सापडला. मोटर तपासत होतो, पट्ट्यावरचं कव्हर कोणीतरी काढून ठेवलेलं, करंगळीचं टोक पट्ट्यात गेलं. नख गेलं, थोडं मांस गेलं. फार काही नाही, पण रक्त बरंच. पट्टी बांधून टाइम ऑफिसमध्ये बसलो. क्लार्क रजेवर होता. फॉर्म भरायला हस्ताक्षर चांगलं असलेला माणूस हवा, म्हणून यशवंतला बोलावलं. त्याचं अक्षर शाळेतल्या सुविचारासारखं.

नाव, खातं, वेळ, सगळं मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. कारणाच्या रकान्यापाशी मी काही सांगायच्या आत त्याने लिहून टाकलं: "कामगाराचा निष्काळजीपणा."

"अरे, हे काय? मी काय निष्काळजी होतो? कव्हर नव्हतं त्याच्यावर."

यशवंतने पेन खाली ठेवलं. अगदी साधेपणाने म्हणाला, "साहेब, त्या रकान्यात आनखी काय लिवतात ता मला ठावं नाय. मी आजपर्यंत येवढाच वाचलाय."

चेष्टा करत होता का, मला आजही सांगता येणार नाही. चेहऱ्यावर काही नव्हतं. मी तो फॉर्म फाडला आणि नवीन भरला. कारण लिहिलं, "यंत्रावर संरक्षक कव्हर नसणे." आमच्या शॉपमधून गेलेला तसा तो पहिला फॉर्म. आणि तो माझ्या करंगळीसाठी.

पुढच्या अपघाताला मी पुन्हा जुनेच दोन शब्द लिहिले.

*

तो पुढचा अपघात यशवंतचा.

त्याची दोन बोटं गेली, हे कंपनीत सगळ्यांना माहीत आहे. उजव्या हाताची, अंगठ्याशेजारची दोन. पुढचंही माहीत आहे. चौकशी झाली, फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. त्यांनी प्रेस बघितला. तो असा होता, की दोन बाजूंना दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली यायचा. म्हणजे प्रेस खाली येताना माणसाचे दोन्ही हात बटणांवरच असणार, आत जाणारच नाहीत. इन्स्पेक्टरांनी स्वतः दाबून बघितली. बटणं ठीक होती.

त्यांनी यशवंतला विचारलं, "दोन्ही हात बटणांवर असताना बोटं आत गेली कशी? एक बटण काही लावून दाबून ठेवलं होतं का?"

मी त्यांच्या मागे उभा होतो. यशवंतचा हात गळ्यात बांधलेला. तो म्हणाला, "नाय साहेब. मला डुलकी लागली."

"डुलकी लागली तरी बटण कसं दाबलं जाईल?"

"आता ता मला कसा ठावं असनार? मी झोपलेला."

इन्स्पेक्टरांनी दोन-तीनदा फिरवून विचारलं. तो डुलकीवरून हलला नाही. शेवटी कागदावर तेच लिहिलं गेलं. यशवंतला स्टोअरमध्ये बदली मिळाली. तिथे त्याने डाव्या हाताने लिहायला शिकून घेतलं, पण ते अक्षर पुन्हा आलं नाही. पुढे तोही रिटायर झाला. गडबला असतो, भातशेती बघतो. रस्त्यात भेटला तर थांबतो, सौ.ची चौकशी करतो, एखाद्या वर्षी वाल पाठवून देतो. कंपनीतली पोरं अजून सांगतात, "डुलकी लागून बोटं घालवणारा यशवंत." बसमध्ये मीसुद्धा तसंच सांगितलंय.

आता आतलं सांगतो. हे मी सौ.लाही सांगितलेलं नाही.

त्या दिवशी झाकणांचा माल दुपारपर्यंत जायचा होता. दोन्ही हातांनी बटणं दाबायची म्हणजे पत्रा ठेवायला, झाकण काढायला हात मोकळे करा, पुन्हा बटणावर आणा, वेळ जातो. मी पॅकिंगच्या खोक्याची एक फळी तोडली, चाकूने तासून बोटभर पाचर केली आणि उजवीकडच्या बटणात ठोकून बसवली. म्हणजे ते दाबलेलंच राहिलं. यशवंतला म्हटलं, आता एकाच हाताचं काम. तो म्हणाला, "साहेब, ह्या बरा नाय." मी म्हटलं, "आजच्या दिवस."

मी दोन पावलांवर उभा होतो. झाकण आत चिकटलं, ते सोडवायला त्याने उजवा हात घातला, आणि डावा हात सवयीने डावीकडच्या बटणावर गेला. प्रेस खाली आला आणि वर गेला. आवाज नेहमीसारखाच झाला.

मी धावलो. सगळ्यांनी पाहिलं की साहेब सगळ्यांच्या आधी धावले. पण मी यशवंतकडे नाही गेलो. मी आधी उजव्या बाजूला गेलो, ती पाचर उपटली आणि पँटच्या खिशात टाकली. त्यानंतर यशवंतला धरलं.

बघणाऱ्यांना काही कळलं नाही. कोणीतरी धुतलेला टॉवेल आणला, हात गुंडाळला, जीप आली. पुढे ड्रायव्हर, मागे आम्ही दोघं. मी त्याचं कोपर वर उचलून धरलं होतं, रक्त कमी यावं म्हणून. मांडीला मांडी लागलेली. कंपनीच्या गेटमधून बाहेर पडलो. यशवंत हाताकडे बघतच नव्हता. खिडकीबाहेर बघत होता. मी सारखं बोलत होतो. होईल सगळं ठीक, चांगले डॉक्टर आहेत, घरी निरोप पाठवलाय, काळजी करू नको. तो बाहेरच बघत राहिला. मला वाटलं, शुद्ध हरपतेय की काय.

कुंडलिकेच्या पुलावर जीपला एक गचका बसला. तेव्हा त्याने मान वळवली. माझ्याकडे नीट बघितलं आणि नेहमीच्या खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, जरा मोकला बसा. खिशातली पाचर टोचत असंल."